नाव आपले, साचा परका

व्यापारात खतावणीला जे स्थान असते, तेच विद्यापीठीय लेखनात संदर्भसूचीला आहे. कोणाकडून काय घेतले आणि आपण कोणाचे किती देणे लागतो, याचा तो हिशेब होय. हा हिशेब चोख असावा याविषयी दुमत नाही. परंतु ज्या खतावणीत खातेदाराचे नावच भलत्या पानावर चढते, तिची बेरीज कितीही बिनचूक असली तरी तिला चोख कसे म्हणावे? प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आणि तो तपासणाऱ्या अध्यापकापुढे हा प्रश्न आज वारंवार उभा राहतो. नियम सांगतो की, आधी आडनाव, मग स्वल्पविराम आणि मग नावाची आद्याक्षरे. पण ज्याला आडनावच नाही, त्याचे काय करावयाचे?

मराठी वाचकाला ही अडचण प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी आपल्या अंगवळणी पडली आहे. 'गाडगीळ, ध. रा.' किंवा 'दांडेकर, वि. म.' असे लिहिताना आपल्याला कोठे अडखळावे लागत नाही. पण महाराष्ट्राची सीमा ओलांडून दक्षिणेकडे गेले की हा साचा तोकडा पडू लागतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावातील 'चंद्रशेखर' हे त्यांच्या वडिलांचे नाव आणि 'वेंकट रामन' हे त्यांचे स्वतःचे. त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांच्या नावातील 'सुब्रह्मण्यन' हे वडिलांचे आणि 'चंद्रशेखर' हे स्वतःचे. चुलत्याला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, पुतण्याला १९८३ साली. दोघे एकाच घराण्यातले. पण संदर्भसूचीत एक 'आर'खाली आणि दुसरा 'सी'खाली. ज्याला सूची 'आडनाव' समजते, ते दोघांच्याही बाबतीत आडनाव नव्हेच. ज्यांनी ग्रंथांच्या वर्गीकरणाचे शास्त्रच आपल्या देशाला दिले, त्या शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या नावातही आडनाव नाही. पहिले पद गावाचे, दुसरे वडिलांचे आणि तिसरे त्यांचे स्वतःचे.

ही केवळ आपल्याकडील विचित्रता आहे असे समजण्याचे कारण नाही. इंडोनेशियाचे अर्थतज्ज्ञ बोएदिओनो २००९ ते २०१४ या काळात त्या देशाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. त्यांचे संपूर्ण नाव एवढेच, एका शब्दाचे. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट यांच्या नावातील 'ऊ' हे ब्रह्मदेशातील आदरार्थी संबोधन आहे. तेव्हा 'थांट, ऊ.' असे लिहिणे म्हणजे आपल्याकडील एखाद्या लेखकाची नोंद 'श्री.' हेच त्याचे नाव समजून करण्यासारखे आहे. आइसलंडच्या माजी राष्ट्राध्यक्षा विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांचे दुसरे पद म्हणजे 'फिन्बोगीची कन्या' एवढेच. ते कुलनाम नव्हे. तेथील दूरध्वनी सूचीही व्यक्तीच्या स्वतःच्या नावानेच लावीत असत. हंगेरीत आडनाव आधी येते. टंचाईच्या अर्थशास्त्राची मीमांसा करणारे अर्थशास्त्रज्ञ मायदेशी 'कोर्नाई यानोश' आणि जगात 'यानोश कोर्नाई'. तेव्हा अपवाद कोण आणि नियम कोण, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. पश्चिम युरोपातील काही देशांची रीत छापखान्याच्या आणि साम्राज्याच्या बळावर जगभर पसरली आणि तिलाच आपण 'प्रमाण' म्हणू लागलो.

ग्रंथपालांना हे फार पूर्वी उमगले होते. १९६१ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तालिकीकरणाची जी तत्त्वे ठरविली, त्यांत स्पष्टच म्हटले आहे की, नावात अनेक पदे असतील तर कोणते पद नोंदीसाठी घ्यावयाचे, हे शक्यतो लेखक ज्या देशाचा नागरिक असेल त्या देशाच्या रूढीने ठरवावे. म्हणजे नावाचा अधिकार नावाच्या धन्याकडे आणि त्याच्या समाजाकडे. मग घोडे अडले कोठे? ते अडले मोजदादीपाशी. १९६४ साली अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानविषयक संदर्भांची सूची प्रसिद्ध केली आणि कोणाचा निबंध कोणी उद्धृत केला, हे मोजण्याची सोय झाली. पुढे हे काम संगणकाकडे गेले. ग्रंथपाल नावाची चौकशी करतो. संगणकाच्या तक्त्यात मात्र दोन रकाने असतात आणि दोन्ही भरल्यावाचून तो पुढे सरकत नाही. एकाच शब्दाचे नाव असणाऱ्याला मग तोच शब्द दोनदा लिहावा लागतो किंवा एका रकान्यात नुसते टिंब द्यावे लागते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांचे संशोधन गुणांकांत मोजण्याची पद्धत आणली. २०१८ साली तिचे रूप बदलले, तरी संशोधनाचे गुण राहिलेच. ज्याचे निबंध एका ठिकाणी आडनावाखाली, दुसऱ्या ठिकाणी वडिलांच्या नावाखाली आणि तिसऱ्या ठिकाणी गावाच्या नावाखाली नोंदले गेले, त्याचे श्रेय तीन वाटांनी विखुरते. उलट 'पाटील, एस. बी.' किंवा 'जोशी, ए. व्ही.' या नावाखाली अनेकांचे श्रेय एकाच राशीत पडते. नुसत्या आद्याक्षराचा परिणाम केवढा असू शकतो, हे आमच्याच शास्त्रात दिसून आले आहे. अर्थशास्त्रात सहलेखकांची नावे वर्णानुक्रमाने देण्याची प्रथा आहे. लिरान आयनाव आणि लीअत यारिव्ह यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत ज्यांचे आडनाव वर्णमालेत आधी येते, त्यांना कायमची नेमणूक मिळण्याचा संभव अधिक असतो. मानसशास्त्रात ही प्रथा नाही आणि तेथे असा परिणामही आढळला नाही. वर्णमालेतील जागा जर माणसाच्या भवितव्याला स्पर्श करीत असेल, तर नावातील कोणत्या पदाने ती जागा ठरवावी, हा प्रश्न क्षुल्लक कसा?

परंतु आपल्या देशात या प्रश्नाला याहूनही गंभीर अशी एक बाजू आहे. आडनाव हे येथे केवळ ओळखीचे साधन नाही. पुष्कळदा ते जातीचा दाखला असते. १९२९ साली चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेने नावापुढील जातिवाचक पदव्या टाकून देण्याचा ठराव केला. तमिळनाडूत आज स्वतःचे नाव आणि वडिलांच्या नावाचे आद्याक्षर एवढ्यावरच असंख्य लोक व्यवहार करतात, त्यामागे या चळवळीचा मोठा वाटा आहे. अशा घरातून आलेल्या संशोधकाला 'आडनाव लिहा, अन्यथा निबंध स्वीकारता येणार नाही' असे सांगणे म्हणजे त्याच्या आजोबांनी विचारपूर्वक टाकलेले ओझे त्याच्या खांद्यावर पुन्हा चढविणे होय. सांगणाऱ्याचा तसा हेतू नसेलही. परंतु नियमाचे मूल्य हेतूने नव्हे, परिणामाने ठरते.

स्त्रियांची स्थितीही वेगळी नाही. विवाहापूर्वी एका नावाने आणि विवाहानंतर दुसऱ्या नावाने लिहिणारी संशोधिका सूचीत दोन स्वतंत्र व्यक्ती होऊन बसते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदींत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरविला. निर्णय स्तुत्यच आहे. पण ही मुले उद्या प्रबंध लिहू लागतील, तेव्हा चार पदांचे हे नाव संदर्भसूचीच्या साच्यात कसे बसवावयाचे, याचा विचार आजच करावयास हवा. नाही तर आईचे नाव शासनाच्या दप्तरात येईल आणि विद्येच्या दप्तरात एका आद्याक्षरापुरते उरेल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता प्रमाणीकरणाला विरोध करण्याचे कारण नाही. वजने-मापे एकसारखी असली की बाजाराचा खर्च वाचतो, तसेच हे आहे. आक्षेप आहे तो खर्चाच्या वाटणीला. येथे एकरूपतेचा लाभ सूची करणाऱ्यांना मिळतो आणि तिची किंमत मात्र ज्यांची नावे साच्यात बसत नाहीत त्यांनी मोजावयाची असते. ही वाटणी बदलणे अवघड नाही. प्रत्येक नियतकालिकाने लेखकालाच विचारावे की, आपली नोंद कोणत्या पदाखाली करावी, आणि ते उत्तर निबंधाच्या पहिल्या पानावर छापावे. विद्यापीठांनी आपल्या प्रबंधविषयक नियमांत आडनाव नसलेल्या नावांसाठी एक परिच्छेद घालावा आणि पॅरिसचे तत्त्व त्यात उतरवून घ्यावे. सूचीत आद्याक्षरांऐवजी पूर्ण नावे देण्याची मुभा असावी. त्यासाठी लागणारी शाई फारशी महाग नाही. २०१२ पासून संशोधकांना ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळू लागला आहे. त्याचा उपयोग अवश्य करावा, कारण क्रमांकाने ओळख पटली की नावाला मोडून-वाकवून घेण्याची गरज उरत नाही.

आणि अध्यापकांनीही एक पथ्य पाळावे. विद्यार्थ्याने 'बोएदिओनो' एवढेच लिहिले म्हणून लाल शाई उचलण्यापूर्वी मूळ निबंधाचे पहिले पान उघडून पाहावे. स्वल्पविराम कोठे द्यावा हे शिकविणे आपले काम आहेच. पण ज्याच्या विचारांचे ऋण आपण घेतो, त्याला त्याच्याच नावाने हाक मारावी, हे शिकविणे त्याहून अधिक मोलाचे आहे. ऋणको या नात्याने एवढे सौजन्य तरी आपण दाखवावयासच हवे.