पत्रा टिकला, बिजागरी निखळली

रोमन सैनिक म्हटला की आडव्या लोखंडी पट्ट्यांचे चिलखत डोळ्यांपुढे येते. आज त्याला ‘लोरिका सेगमेंटाटा’ म्हणतात. हे नाव मात्र रोमनांचे नव्हे, ते 16व्या शतकातल्या विद्वानांनी दिलेले. चित्रपटांनी या चिलखताला अभेद्य करून टाकले आहे. माझ्या मते त्याचा पत्रा उत्तम होता, खोट होती ती जोडणीत. पट्ट्या आतल्या बाजूने चामड्याच्या वाद्यांवर रिव्हेटने ठोकलेल्या असत. म्हणून त्या एकमेकींवर सरकत आणि अंगात चिलखत असतानाही माणूस वाकू शके. पोटावर वादी ओवून बांधायला पितळी कड्या, छातीशी बक्कल, खांद्याला बिजागऱ्या. हे सारे पातळ पितळी पत्र्याचे, म्हणजे रोजच्या हिसक्यांचा भार चिलखतातल्या सर्वांत नाजूक भागावर. त्यातच पितळेला चिकटलेले लोखंड ओलाव्यात लवकर गंजते. इंग्लंडच्या उत्तरेला कॉरब्रिज येथे 1964 साली अशा चिलखतांचे भाग ठेवलेली एक लाकडी पेटी सापडली. त्यात तुटलेली बिजागरी बदलायच्या भानगडीत न पडता कुणीतरी दोन्ही पत्रे सरळ एकमेकांना ठोकून टाकलेले दिसतात. काम भागले, सांधा गेला!

यावर कोणी विचारील, इतके तकलादू होते तर ते दोन शतकांहून अधिक काळ वापरात कसे राहिले? कारण खांद्यावर वरून पडणारा वार ते छान अडवी, आणि कड्यांच्या चिलखतासाठी हजारो कड्या एकेक करून गुंफण्यापेक्षा पत्रे कापून ठोकणे झटपट होई. शिवाय रोमनांनाही ही खोट कळली असावी. स्कॉटलंडमधल्या न्यूस्टेडला मिळालेल्या नंतरच्या प्रकारात खांद्यावरच्या बिजागऱ्या जाऊन साधे रिव्हेट आले, नाजूक बकलांऐवजी दणकट आकडे आले. दुसरा आक्षेप सम्राट ट्राजनच्या स्तंभाचा. इ.स. 113च्या या स्तंभावर लीजनचे, म्हणजे मुख्य रोमन पायदळाचे, सैनिक सर्रास पट्ट्यांच्या चिलखतात कोरले आहेत, म्हणजे तेच सर्वांच्या अंगी असणार असे वाटते. पण शिल्पकाराला सैनिक लांबून ओळखू यायला हवे होते. स्तंभावर कोरलेल्या युद्धांशीच जोडल्या जाणाऱ्या, रुमानियातल्या आदामक्लिसीच्या स्मारकावर लीजनचे सैनिक कड्यांच्या नि खवल्यांच्या चिलखतात आहेत. तिसऱ्या शतकानंतर पट्ट्यांचे चिलखत दिसेनासे झाले, कड्यांचे मात्र युरोपात मध्ययुगातही चालू राहिले. त्यातली एक कडी तुटली तर तेवढीच बदलायची. पट्ट्यांच्या चिलखताच्या निखळलेल्या पितळी बिजागऱ्या नि बकले मात्र रोमन छावण्यांच्या मातीत आजही सापडतात.