आईच्या मागे दादाचे कसे होणार?

तुमच्या गावात असे एखादे घर असेलच. कदाचित ते तुमचेच असेल. थोरला भाऊ चाळिशीला आलेला, अंगाने धडधाकट, पण बुद्धीने लहान मुलासारखा. गुरे पाण्यावर नेतो, कोणती गाय कोणत्या दाव्याला हे कधी चुकत नाही. मात्र आंघोळीला आईने हाक मारावी लागते, ताटही तिनेच वाढावे लागते. गाव त्याला खुळा म्हणते, घर त्याला दादा म्हणते. आई सत्तरीची झाली. तिला रात्री झोप का लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

"धाकटा सांभाळील" असे म्हणून हा विषय बहुतेक घरांत मिटवतात. धाकटा नाही म्हणणार नाही. पण सांभाळावे लागते ते त्याच्या बायकोला. दिवसभर खुरपून आल्यावर मोठ्या दिराचे धुणे, औषध, हट्ट. आणि तिला कुणी विचारलेलेही नसते. घरात भावाऐवजी अशी बहीण असेल तर गोष्ट आणखी अवघड. तिची पाळी, तिची अब्रू, आणि सारे शेतावर निघाले की बाहेरून लावलेली कडी. कडी लावणाऱ्यांना माया नसते असे मुळीच नाही. त्यांना दुसरी वाट सापडलेली नसते.

अशा प्रौढ माणसांसाठी निवासी संस्था आहेत. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्याच्या कोळवण खोऱ्यात १९९४ साली सुरू झालेले 'साधना व्हिलेज' हे त्यांतले एक. तिथे अशा प्रौढांना 'विशेष मित्र' म्हणतात. घरासारख्या लहान गटांत ती राहतात, सोबत सांभाळणारी माणसे असतात, आणि ज्याला जमेल तसे काम दिले जाते. काम ही गोष्ट लहान समजू नका. आयुष्यभर गुरांमागे हिंडलेल्या माणसाला नुसते खाटेवर बसवून जेवू घातले, तर तो खंगतो.

"लोक म्हणतील, वाटणीसाठी भावाला घालवला!" ही भीती तुम्हाला वाटते ना? मग लोकांना बोलायला जागाच ठेवू नका. आजार किंवा व्यंग यांमुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही, असे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात स्पष्ट आहे. दादाचे नाव सातबाऱ्यावर राहू द्या. ज्याला व्यवहार कळत नाही, त्याचा अंगठा घेऊन केलेले हक्कसोडपत्र कायद्यापुढे टिकत नाही, आणि मनालाही पचत नाही. संस्थांना बहुधा दरमहा पैसे भरावे लागतात. त्याच्या वाट्याच्या रानाचे उत्पन्न त्याच्याच नावे बँकेत ठेवले, तर ते त्यासाठी उपयोगी पडते.

आणखी एक. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईबापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा एकाहून अधिक अपंगत्वे असतील, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. कलेक्टर या समितीवर असतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा. हिशेबाची कटकट वाटेल, पण तीच दादाची राखण आहे. हे काम आई चालती-बोलती असतानाच उरका.

संस्था पाहायला जाल तेव्हा कार्यालयात चहा घेऊन परत येऊ नका. नोंदणीचे प्रमाणपत्र मागा. २०१६ च्या कायद्याने ते लागते. मग स्वयंपाकघर, संडास आणि झोपायच्या खोल्या पाहा. रात्री कोण असते, फीट आली तर कुठे नेतात, हे विचारा. बहिणीसाठी पाहत असाल तर रात्री बायामाणसे असतात का, हे आधी विचारा. आपल्याला न कळवता केव्हाही भेटायला येता येईल का, हेही विचारा. नाही म्हणाले, तर तिथून उठा.

आई गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दादाला नेऊन सोडणे, यासारखा जुलूम नाही. आई गेली आणि घरही गेले, असे त्याला एकदमच होते. आधी चार दिवस ठेवून पाहा, मग पंधरा. आईने एकदा त्याच्याबरोबर जाऊन यावे. त्याची गोधडी आणि नेहमीचा पितळी पेला सोबत द्या. आईजवळ बसून एक वही भरा: कोणती गोळी केव्हा, भूक लागली की तो कोणता शब्द बोलतो, कशाला भितो, रुसला की कसा मानतो. हे ज्ञान एका म्हातारीच्या डोक्यात आहे, आणि कुठल्याही डॉक्टरच्या कागदावर ते सापडणार नाही.

महिन्यातून एकदा भेटून या. "रविवारी येतो" म्हणालात तर रविवारीच जा; त्याला तारीख कळत नसली तरी वाट पाहणे कळते. पोळ्याला त्याला घरी आणा, आणि मिरवणुकीत थोरल्या बैलाचा कासरा नेहमीसारखा त्याच्याच हाती द्या.