कॅटामरानची तुलना : लांबी, शक्ती आणि वजन

जून 1990 मध्ये ‘हॉव्हरस्पीड ग्रेट ब्रिटन’ या बोटीने 3 दिवस 7 तास 54 मिनिटांत अटलांटिक महासागर ओलांडला. तिचा सरासरी वेग होता 36.6 नॉट. (ताशी एक सागरी मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर, हा एक नॉट.) ‘युनायटेड स्टेट्स’ या अमेरिकी जहाजाचा 1952 सालचा 35.6 नॉटचा विक्रम तिने मोडला. आता दोहोंची अंगकाठी पाहा. जुने जहाज 302 मीटर लांब, त्याची शक्ती सुमारे 2 लाख 40 हजार अश्वशक्ती. नवी बोट 74 मीटरची, शक्ती सुमारे 20 हजार. अर्थात, विक्रमाच्या वेळी या बोटीत प्रवासी नव्हते. तुलना करताना नेमकी ही गोष्ट गाळली जाते, आणि तीच महत्त्वाची आहे.

ही बोट कॅटामरान होती : दोन लांब, अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वरून एका मजल्याने जोडलेल्या. शब्द मूळचा तमिळ. ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेली लाकडे. खरे तर तो ओंडक्यांचा तराफा. पण नाव चिकटले ते जोडनौकेला.

चालणारी बोट लाटा उठवते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. लांबीच्या (मीटर) वर्गमुळाला 1.25 ने गुणले की सेकंदाला किती मीटर ते कळते. 10 मीटरची बोट ताशी 14 किलोमीटरने जाऊ लागली की तिची लाट तिच्याच लांबीएवढी होते. याहून वेग वाढवायचा तर बोटीला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. 302 मीटरच्या जहाजासाठी ही वेस 40 नॉटच्या पुढे आहे, म्हणजे ते विक्रम करतानाही वेशीच्या आतच होते. 74 मीटरच्या बोटीसाठी ती येते 21 नॉटवर. तरी ती 36 च्या पुढे गेली, कारण अरुंद आणि हलकी होडी पाणी फारसे बाजूला सारत नाही. तिची लाटच लहान असते.

याची किंमतही आहे. दोन होड्यांचा अधिक पृष्ठभाग पाण्याला घासतो, त्यामुळे संथ चालीत त्याच वजनाची साधी बोट बहुधा कमी इंधनात जाते. आणि दुसरी किंमत भाराची.

समजा, कॅटामरानची प्रत्येक होडी 10 मीटर लांब व 0.9 मीटर रुंद आहे. टोके निमुळती असतात, म्हणून पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ आयताच्या पाऊणपट धरू. दोन्ही मिळून 13.5 चौरस मीटर. तेवढ्याच लांबीची, 3 मीटर रुंद साधी बोट घेतली तर 22.5. एक टन सामान चढवल्यावर समुद्रात कॅटामरान सुमारे 7 सेंटिमीटर बुडेल, साधी बोट सव्वाचार. शिवाय कॅटामरानचा मजला पाण्याच्या जवळ येतो आणि लाटा त्याला खालून धडका देऊ लागतात.

म्हणूनच जाहिरातीतल्या वेगापुढे वजन कोणते, हे विचारावे. 2013 साली टास्मानियात बांधलेली ‘फ्रान्सिस्को’ ही 99 मीटरची कॅटामरान चाचणीत हलकी असताना 58.1 नॉटने धावली; भार घेऊन तिचा वेग सुमारे 52 नॉट. दोन्ही आकडे खरे आहेत. एका बोटीचा पहिला आकडा घेऊन दुसऱ्या बोटीच्या भरलेल्या आकड्याशी ताडला, तर मात्र घोटाळा झालाच म्हणून समजा.

वर्गात हे सहज दाखवता येते. दोन साबणदाण्या पट्टीने जोडून बादलीत तरंगवा. शेजारी घमेल्यात एक पसरट ट्रे. दोन्हींत शंभर-शंभर ग्रॅमची वजने मधोमध ठेवत जा आणि बाहेरून पेनने पाण्याची रेघ आखा. रेघांमधले अंतर मुलांनाच मोजू द्या, आणि मग त्यांना विचारा : ट्रे कमी बुडतो, तरी ढकलायला तो सोपा आहे का?