उच्च वातावरण व तीव्र हवामान

वातावरणाच्या वरच्या थरांतील वारे, तापमान व तरंग यांच्या चढउतारांमुळे अतिवृष्टी, थंडीची लाट यांसारख्या घटनांची संभाव्यता कमीअधिक होते. अशी घटना नेमकी कोठे व केव्हा घडेल, हे मात्र केवळ या चढउतारांवरून ठरत नाही.

हवामानाच्या बहुतेक घटना तपांबर या सर्वांत खालच्या थरात घडतात. उष्ण कटिबंधात त्याची जाडी सु. १६ ते १८ किमी. असते. त्याच्यावर सु. ५० किमी. पर्यंत स्तरांबर व त्यापलीकडे मध्यांबर असते. सु. ९० किमी. उंचीवर हवेची घनता भूपृष्ठाजवळील घनतेच्या केवळ काही दशलक्षांश भरते. त्यामुळे खालच्या हालचालींचा प्रभाव वर सहज पोहोचतो. उलट दिशेने तो क्वचितच जाणवतो. गडगडाटी ढग व डोंगरांवरून वाहणारे वारे यांपासून निघालेले गुरुत्व तरंग विरळ हवेत मोठे होत जातात व अखेर फुटून आपला संवेग तेथील वाऱ्यांना देतात. कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने बसविलेल्या रडारने १९९९ पासून सु. ८० ते १०० किमी. उंचीवरील अशा वाऱ्यांचे व तरंगांचे मापन होऊ लागले.

हवामानावर वरून होणारा परिणाम मुख्यतः स्तरांबर व तपांबराचा माथा यांतून होतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये उत्तर ध्रुवावरील स्तरांबर एकाएकी तापून तेथील वाऱ्यांचा भोवरा दुभंगला. त्यानंतर यूरोपात कडाक्याची थंडी पडली. विषुववृत्तावरील स्तरांबरात पूर्वीय व पश्चिमी वारे सरासरी २८ महिन्यांच्या आवर्तनाने आलटून पालटून वाहतात व उष्ण कटिबंधातील मेघसमूहांच्या हालचालींशी त्यांचा संबंध आढळला आहे. पावसाळ्यात भारतीय द्वीपकल्पावर सु. १४ ते १६ किमी. उंचीवरून पूर्वीय जेट प्रवाह वाहतो. पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचे बळ व मोसमी पाऊस यांचा निकट संबंध आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांपलीकडे गेली. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. अरबी समुद्रावरील बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून झालेली अतिवृष्टी हे या महापुराचे निकटचे कारण होय. मध्यांबराच्या निरीक्षणांवरून असा पूर वर्तविता येत नाही. मात्र वरच्या थरांची स्थिती गणितीय प्रतिमानांत घेतल्यास काही आठवड्यांच्या अंदाजात सुधारणा होऊ शकते. नदीकाठच्या वस्त्यांना तातडीचा इशारा देण्यासाठी मात्र पर्जन्यमापक, नदीची पातळी व धरणांतील विसर्ग यांवरच विसंबावे लागते.