चमकतं ते उंदराचं एन्झाइम नव्हे

थायरॉइडच्या रिपोर्टवर टीएसएचच्या आकड्याजवळ 'सीएलआयए' ही अक्षरं अनेकांनी पाहिली असतील: केमिल्युमिनेसन्स इम्युनोअ‍ॅसे, म्हणजे अँटिबॉडीने पकडून रासायनिक प्रकाशाने मोजणं. तुर्भ्याच्या एमआयडीसीत थायरोकेअरच्या प्रयोगशाळेत माणसांच्या चाचण्या ज्या तत्त्वावर होतात, त्याच तत्त्वावरची ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) किटं उंदरांवरच्या संशोधनातही वापरतात. नवी मुंबईत अशा संशोधनाचा पत्ता म्हणजे खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र. परळची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट इथे आली आणि इथे उंदरांचं मोठं प्राणिगृह आहे.

अशा किटने उंदरात काय मोजतात याच्या उदाहरणाला एमएमपी-९ घेऊ. पेशींभोवतीच्या जाळीतली प्रथिनं तोडणारं हे एन्झाइम. कॅन्सरची गाठ आजूबाजूला पसरते त्यात याचा हात असतो, म्हणून ते मोजायचं.

या मोजणीबद्दलचा पहिला गैरसमज असा की प्रकाश या एन्झाइमचा असतो. तो असतो किटचा. वेलच्या तळाला चिकटवलेली अँटिबॉडी नमुन्यातलं एमएमपी-९ धरून ठेवते. दुसरी अँटिबॉडी त्यावर बसते आणि तिला एचआरपी हे वेगळंच एन्झाइम जोडलेलं असतं. वेल धुऊन ल्युमिनॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की एचआरपीमुळे सुमारे ४२५ नॅनोमीटरचा मंद निळा प्रकाश निघतो, तो ल्युमिनोमीटर मोजतो.

इथूनच दुसरा, जास्त महागात पडणारा गैरसमज येतो: आकडा मोठा म्हणजे एन्झाइम जोरात काम करतंय. अँटिबॉडी फक्त आकार ओळखते. एमएमपी-९ पेशीतून बाहेर पडतं तेच मुळी सुप्त रूपात, आणि बरीच किटं सुप्त-सक्रिय दोन्ही एकत्र मोजतात. हा फरक हवा असेल तर जिलेटिन झायमोग्राफी लावावी. जिलेटिन मिसळलेल्या जेलमध्ये नमुना पळवायचा, जेल निळं रंगवायचं. एन्झाइमने जिलेटिन खाल्लं तिथे पांढुरक्या पट्ट्या उमटतात. सुप्त रूपाची पट्टी वर, सक्रियची खाली. किटचा मोठा आकडा दाखवून 'सक्रियता वाढली' असं लिहिलेलं वाचलं की मला तरी आधी झायमोग्राफीचा फोटो शोधावासा वाटतो.

सीरम काय, प्लाझ्मा काय, दोन्ही रक्तच, असंही म्हटलं जातं. पण रक्त गोठताना पांढऱ्या पेशी एमएमपी-९ बाहेर टाकतात, त्यामुळे सीरममधला आकडा फुगतो. अर्धे उंदीर सीरमवर आणि अर्धे प्लाझ्मावर मोजले तर तुलनेला अर्थ नाही. लाल पेशी फुटलेला नमुनाही टाळावा: ल्युमिनॉल हिमोग्लोबिननेही चमकतं, गुन्ह्याच्या जागी रक्ताचे डाग शोधायला ते वापरतात ते त्याचमुळे.

माणसासाठीचं किट उंदराला चालेलच असं नाही. प्रथिनं सारखी असली तरी एकच नव्हेत.

आणि रक्त हवं तेवढं मिळत नाही. २५ ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून २ मिलिलिटरही रक्त नसतं. उंदीर जगवायचा असेल तर एका वेळी साधारण दहावा हिस्सा घ्यायचा, म्हणजे १५० ते २०० मायक्रोलिटर, आणि त्यातून प्लाझ्मा निम्म्याच्या आसपास. तेही प्राणी-नैतिकता समितीच्या परवानगीनेच. एवढ्यातून प्रत्येक नमुना दोन वेलमध्ये लावायचा, त्यामुळे नमुना किती पातळ करायचा हे आधी एकदोन नमुन्यांवर ठरवून घ्यावं. प्रकाशाचा कच्चा आकडा दर प्लेटला बदलतो, म्हणून प्रत्येक प्लेटवर स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने, पुन्हा लावायचे आणि त्यांच्या वक्ररेषेवरून उत्तर काढायचं. एखादा नमुना सर्वांत वरच्या स्टँडर्डच्याही पुढे गेला तर वक्ररेषा ताणून उत्तर काढू नये. तो आणखी पातळ करून पुन्हा मोजावा.