चिखल, पान आणि मासा: खाडीचा जमाखर्च



जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं खाडीवर का बोलावं? आणि तेही कोल्हापुरात, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही? दोन कारणं सांगतो. एक, १९८५ साली कांदळवनांवरचं राष्ट्रीय चर्चासत्र भरलं ते आपल्या शिवाजी विद्यापीठात. वनस्पतीशास्त्राच्या डॉ. लीला भोसले यांनी इथून घाट उतरून महाराष्ट्राच्या कांदळवनांचा अभ्यास केला. दुसरं कारण पाण्याचं. गगनबावड्याला पडलेला पाऊस पूर्वेकडं वाहिला तर कुंभीतून पंचगंगेला, नरसोबावाडीला कृष्णेला आणि शेवटी आंध्रात समुद्राला मिळतो. तोच पश्चिमेला वाहिला तर खारेपाटणवरून विजयदुर्गच्या खाडीत जातो. दोन्ही मुखांवर कांदळवनं आहेत. म्हणजे आपण खाडीपासून लांब असलो, तरी परके नाही.

आता मूळ प्रश्न. खाडीत कोण कुणाला खातं, आणि त्या खाण्यातून ऊर्जा कशी पुढं सरकते?

शाळेत आपण अन्नसाखळी शिकलो: गवत, टोळ, बेडूक, साप. १९४२ साली रेमंड लिंडेमन या अमेरिकन तरुणानं एका तळ्याचा अभ्यास करून या साखळीचा ऊर्जेच्या भाषेत हिशेब मांडला. शोधनिबंध छापून यायच्या आधीच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या कामातून पुढं ढोबळ नियम रूढ झाला, की एका पायरीवरून दुसरीवर साधारण दहावा हिस्सा ऊर्जा पोचते. कुठं पाच टक्के, कुठं वीस, पण बहुतेक भाग जगण्यातच, उष्णता होऊन, खर्च होतो.

आपलं गुऱ्हाळ आठवा. चुलाणात चिपाड जळलं, की त्याची उष्णता गेली ती गेली, परत मिळत नाही. राख मात्र शेतात जाते आणि पुन्हा उसात येते. निसर्गात हेच चालतं. पदार्थ फिरत राहतो, ऊर्जा एकदाच वाहून जाते. म्हणून पानाच्या हजार भागांतून किड्याला शंभर, छोट्या माशाला दहा, आणि तांबोशीला एक भाग मिळतो. ताटातल्या तुकडीमागं एवढं मोठं भांडवल असतं.

पण खाडीत एक कोडं आहे. तिवर, कांदळ, चिपी या झाडांची हिरवी पानं फारसं कुणी खात नाही. ती चिवट, खारट, तुरट असतात. मग एवढ्या कोळंब्या, कुर्ल्या, बोयटं जगतात कशावर?

उत्तर बरंचसं चिखलात आहे. पान पिकून गळतं, पाण्यात पडतं. पहिल्या काही दिवसांत त्यातले विरघळणारे पदार्थ निघून जातात. खेकडे ते कुरतडून बिळात नेतात, बारीक करतात. मग त्यावर बुरशी आणि जिवाणू वस्तीला येतात. गंमत बघा, पान कुजत जातं तसं ते जास्त पौष्टिक होतं, कारण या सूक्ष्मजीवांमुळे त्यातलं नत्राचं प्रमाण वाढतं. कोळंबी तो चुरा गिळते, तेव्हा खरा सकस भाग असतो तो चुऱ्यावरच्या जिवाणूंचा. भाकरी कोरडी असली तरी वर लोणी आहे ना, तसं. पुढं कोळंबीला मासा खातो, माशाला खंड्या, बगळा किंवा पाणमांजर. मेलेल्या पानापासून सुरू होणारी ही साखळी फ्लोरिडाच्या कांदळवनांत हील्ड आणि ओडम या संशोधकांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उलगडली.

पण सगळं श्रेय पानाला देऊ नका. पुढच्या संशोधनात प्राण्यांच्या शरीरातला कार्बन तपासला गेला, तेव्हा दिसलं की चिखलाच्या पृष्ठभागावरचं शेवाळ आणि पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचाही वाटा मोठा आहे. काही ठिकाणी तर तो पानांपेक्षा जास्त आहे. म्हणून अन्नसाखळी म्हणण्यापेक्षा अन्नजाळं म्हणणं बरं. एक धागा तुटला, तर दुसरा काही काळ भार पेलतो.

या सगळ्याची हमाली करते भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा पाणी आत येतं, अन्न वाटतं, घाण नेतं. कालवं खडकाला चिकटून बसतात आणि जेवण दारात येतं. १९६२ साली जॉन टील यांनी अमेरिकेत जॉर्जियातल्या खारट दलदलीचा जमाखर्च मांडला. तिथल्या उत्पादनाचा सुमारे ४५ टक्के भाग भरती-ओहोटीबरोबर बाहेरच्या पाण्यात जात होता. हा आकडा सगळीकडं सारखा नसतो. पण हमाल अडवला, तर जाळ्याचं पोषण थांबतं, हे सगळीकडं खरं.

आणि आपण त्याला अडवतो! कोकणात खारं पाणी अडवायला बांध घालतात, १९७९ चा खारभूमी विकास कायदाही आहे. त्यामागं भातशेतीची गरज होती, गरिबांचं पोट होतं, म्हणून मी त्याला सरसकट चूक म्हणणार नाही. पण हिशेब एकाच बाजूनं मांडला गेला. भाताची जमीन किती मिळाली हे वहीत आलं, कोळंबी किती गेली हे आलं नाही. विजयदुर्गच्या खाडीत ओहोटीला गुडघाभर चिखलात तिसऱ्या वेचणाऱ्या एका मावशींना मी अजाणतेपणी म्हणालो होतो, ‘केवढ्या घाणीत काम करता!’ त्या म्हणाल्या, ‘ह्या चिखलार माझी पोरां वाढली, गुरुजी.’ माझी चूक शब्दाची नव्हती, विचाराची होती. ‘निरुपयोगी’ हा वस्तूचा गुण नाही. आपण किती पाहिलंय त्याचं ते माप आहे.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे: ‘कुजकं हेच अन्न असेल, तर सांडपाणी सोडलं म्हणून काय बिघडलं?’ प्रश्न रास्त आहे. पान हळूहळू, थोडं थोडं कुजतं. सांडपाणी किंवा मळी एकदम येते. जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे गुदमरतात. पंचगंगेत तरंगणारे मेलेले मासे आपण पाहिलेत, त्यांना अन्न कमी पडलं नव्हतं, श्वास कमी पडला होता. उकिरड्याचं खत शेतात पसरलं तर पीक येतं. अख्खा उकिरडा रोपावर ओतला तर रोप जळतं.

तेव्हा पुढच्या वेळी घाट उतराल, मालवण-रत्नागिरीला मासे खाल, तेव्हा ओहोटीच्या वेळी पुलावर पाच मिनिटं थांबा. खाली चिखल दिसेल, वास येईल. नाक मुरडू नका. ताटातल्या माशाचं स्वयंपाकघर ते आहे.