पानफुटीची आंबट सकाळ

अवर्षण सोसणारी म्हणून घरच्या बागेसाठी जी झाडे सुचवली जातात, त्यांच्या याद्यांत ती झाडे कमी पाण्यात कशी भागवतात याचा उल्लेख क्वचितच असतो. वस्तुतः झाडागणिक ही रीत निराळी असते आणि ती ओळखल्याशिवाय झाडाची जागा, माती व पाणी यांपैकी काहीच नीट ठरवता येत नाही.

पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील ज्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो ती, उघडली की त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर पडते. भात, गहू यांसारख्या बहुसंख्य वनस्पती ती दिवसा उघडतात आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे सुमारे ४०० रेणू गमावतात. कोरफड, घायपात, निवडुंग व पानफुटी यांची रंध्रे मात्र मुख्यतः रात्रीच्या गारव्यात उघडतात. तेव्हा घेतलेला वायू पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पोकळीत, मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवला जातो आणि दिवसा रंध्रे मिटून त्या साठ्यातून साखर घडवली जाते, त्यामुळे पाण्याचा हाच खर्च सुमारे ५० रेणूंवर येतो.

या व्यवहाराची एक खूण भारतात केवळ जिभेने टिपली गेली, ही विज्ञानाच्या इतिहासातील मोठी मनोहर घटना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या उपाध्यक्षांना कळवले की पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते. या चवीमागील रसायन उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. तरीही निरीक्षणाची वेळ आणि क्रम इतक्या नेमकेपणाने नोंदवणाऱ्या हाइने यांना त्याचे श्रेय आजही पुरेसे मिळत नाही, हे खेदाचे आहे.

इतर झाडांच्या रीती वेगळ्या आहेत. कण्हेरीची रंध्रे पानाच्या पाठीवरील केसाळ खळग्यांत दडलेली असल्याने कोरडा वारा त्यांना थेट लागत नाही (तिचे सर्व भाग विषारी आहेत, हे लहान मुले असलेल्या घराने ध्यानात ठेवावे). चाफा कोरड्या ऋतूत पाने गाळतो, तर बोर खोल मुळांनी जमिनीतील ओल गाठते. यावरून उघड होते की खोल मुळांवर विसंबणारे बोर कुंडीत लावल्यास त्याची सोशिकता बहुतांशी निरुपयोगी ठरते.

‘पाण्याशिवाय जगणारे झाड’ ही विक्रेत्यांची जाहिरातही तपासून घ्यावी. महाराष्ट्रात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यामुळे मांसल पानांच्या झाडांना उन्हाळ्याइतकाच, किंबहुना अधिक, धोका पावसाळ्यात असतो, कारण ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत त्यांची मुळे कुजतात. त्यांसाठी वाळू वा बारीक मुरूम मिसळलेला उंच वाफा हवा आणि लागवड पाऊस ओसरल्यावर करावी. बोर, कण्हेर यांची रोपे मात्र पावसाच्या आरंभीच लावावीत आणि मुळे खोल जाईपर्यंत, निदान पहिला उन्हाळा, त्यांना नियमित पाणी द्यावे.